प्रशांत महासागर ते अटलांटिक : पंचेचाळीस दिवसांची आखणी

लांबच्या प्रवासाचा विषय निघाला की लोक पहिला प्रश्न पैशाचा विचारतात. आमच्या युनियनच्या कचेरीत दक्षिण अमेरिकेचा नकाशा घेऊन दोन तरुण कामगार आले, त्यांनीही तोच विचारला. पाठीवर सॅक टाकायची, तिथल्या साध्या बसगाड्यांनी जायचे आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत हे खंड जमिनीवरून ओलांडायचे. तर खर्च किती येईल? मी त्यांना उलट विचारले, तुमची रजा किती शिल्लक आहे? पैसा पतपेढीतून उचलता येतो, भावाकडून मागता येतो, दोन वर्षे साठवता येतो. दिवस उसने मिळत नाहीत. त्या दोघांबरोबर बसून जी आखणी केली, तीच आज आपल्यापुढे मांडतो. मी स्वतः या वाटेने गेलेलो नाही. परंतु मोर्चे आणि मेळावे आखण्यात तीस वर्षे गेल्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. जे आपल्याला हलवता येत नाही ते कागदावर आधी लिहावे, आणि जे हलवता येते ते त्याच्याभोवती बसवावे. बहुतेक प्रवासी याच्या उलट करतात. आवडीची ठिकाणे आधी ठरवतात आणि मग ऋतू, व्हिसा, उंची यांच्याशी भांडत बसतात.

तेव्हा आधी रजा. पगारी रजा ही कोणा मालकाने आपखुषीने दिलेली देणगी नव्हे, हे आपण सारे जाणताच. फ्रान्समध्ये १९३६ च्या उन्हाळ्यात मोठे संप झाले आणि त्यानंतर तिथल्या कामगाराला वर्षाला दोन आठवडे पगारी रजा मिळाली. सवलतीचे रेल्वे तिकीट काढून हजारो कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पगारी रजेचा ठराव केला. त्यात किमान सहा दिवस धरले होते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे प्रमाण घातले, आणि नव्या कामगार संहितेतही ते प्रमाण तसेच राहिले आहे. वर्षात तीनशे दिवस काम केले तर पंधरा दिवस होतात. मागची तीस दिवसांपर्यंतची रजा पुढे ओढता येते. म्हणजे दोन वर्षे कोठे न जाता घासून काम केलेल्या माणसाच्या हातात तिसऱ्या वर्षी पंचेचाळीस दिवस पडतात. आमची आखणी याच आकड्यावर उभी आहे.

सॅकवाल्या प्रवाशांत दक्षिण अमेरिकेची जी वाट प्रसिद्ध आहे ती उभी आहे. कोलंबियाच्या किनाऱ्यावरून निघायचे आणि अर्जेंटिनाच्या तळाशी उशुआया गावापर्यंत उतरायचे. रस्त्याने हे अंतर दहा हजार किलोमीटरांहून जास्त भरते आणि धड पाहत जायचे तर पाच-सहा महिने लागतात. १९५२ साली एर्नेस्तो गेव्हारा आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो हे दोघे अर्जेंटिनातून निघून कराकासला पोचले, त्यांनाही सुमारे सात महिने लागले. त्यांची मोटारसायकल चिलीतच निकामी झाली आणि पुढची वाट त्यांनी मालट्रकांवर बसून काढली. परंतु त्यांना रजा संपण्याची धास्ती नव्हती. आमच्या दोघांना ती आहे. म्हणून आम्ही उभी वाट सोडून आडवी घेतली : पेरूची राजधानी लिमा येथे प्रशांत महासागराला पाठ करायची, अँडीज पर्वत चढायचा, बोलिव्हियाच्या पठारावरून अर्जेंटिनात उतरायचे आणि ब्यूनस आयर्सला अटलांटिकच्या बाजूला पोचायचे. सुमारे पाच हजार किलोमीटर. खंड ओलांडल्याचे समाधान यातही पुरेपूर आहे.

न हलणारी दुसरी गोष्ट ऋतू. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आपले पंचांग उलटे लावावे लागते, एवढे शाळेत शिकवतात. पण अँडीजमध्ये थंडीपेक्षा पावसाचा हिशेब महत्त्वाचा आहे. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरात पाऊस असतो, दरडी कोसळतात, घाटरस्ते बंद पडतात. माचू पिच्चूला पायी नेणारी जी इंका वाट आहे ती तर दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. मे ते सप्टेंबर कोरडे असतात, मात्र जून-जुलैत पठारावर रात्री पाणी गोठते. दोन्ही टोके टाळून आम्ही मे महिना धरला.

तिसरी गोष्ट उंची, आणि हिच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. कुस्को हे शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्या आणि त्यावर घरे बांधून लोकांनी राहावे, बाजार करावा, तशी स्थिती. टिटिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर, ला पाझच्या माथ्यावरचे एल आल्तो शहर ४,१५० मीटरवर. एवढ्या उंचीवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने पुष्कळच कमी पडतो. शरीर याची सवय करून घेते, परंतु त्याला दिवस द्यावे लागतात. डॉक्टरांचा साधारण नियम असा की तीन हजार मीटरच्या आसपास पोचल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मधून मधून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. लिमाहून विमानाने कुस्कोला उतरणारा माणूस तासाभरात समुद्रसपाटीवरून ३,४०० मीटरवर येतो आणि पहिले दोन दिवस डोके धरून खोलीत पडतो. जमिनीवरून जाणाऱ्याला इथे लाभ आहे. लिमाहून बसने आरेकिपाला जावे. हे शहर २,३३५ मीटरवर आहे. तिथे तीन रात्री काढाव्यात. मग कुस्कोची बस धरावी. ती वाटेत चार हजार मीटरवरून जाते, पण महत्त्व झोपण्याच्या उंचीला आहे. म्हणून कुस्कोला पोचल्यावर तिथे न राहता खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात ओयांताइताम्बो या गावी मुक्काम करावा. ते सुमारे २,८०० मीटरवर आहे, आणि माचू पिच्चूची आगगाडीही तिथूनच मिळते. माचू पिच्चू स्वतः २,४३० मीटरवरच आहे. ते आधी पाहून मग कुस्कोला वर यावे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. तेव्हा आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, खाली उतरावे. तिथे विचार करत बसू नये. तिथले लोक कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे प्यावा. पाने मात्र सॅकमध्ये घालून दुसऱ्या देशात नेऊ नयेत, तो गुन्हा ठरू शकतो.

आता कागद. जर्मनीचा किंवा फ्रान्सचा कामगार या तिन्ही देशांच्या सीमेवर नुसता पासपोर्ट दाखवतो आणि आत जातो. आपल्या पासपोर्टाला ती किंमत नाही, आणि ते बोलून दाखवण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही. पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या तिन्ही देशांचे राजदूतावास दिल्लीत आहेत. नियम वरचेवर बदलतात, म्हणून ते ऐकीव माहितीवर न सोडता निघण्याआधी चार महिने आणि पुन्हा दोन महिने आधी त्यांच्याकडूनच तपासावेत. पगारपत्रके, बँकेचा उतारा, परतीचे तिकीट आणि मालकाचे रजामंजुरीचे पत्र असे कागद साधारणतः मागतात. हे शेवटचे पत्र मिळायला किती दिवस लागतात हे आपण जाणता. त्याचा अर्ज सर्वांत आधी टाकावा. खरी मेख वेगळीच आहे. अनेक व्हिसांवर अमुक दिवसांच्या आत देशात प्रवेश केला पाहिजे अशी अट असते. ज्या देशात आपण सर्वांत शेवटी पोचणार त्याचा व्हिसा उत्साहाने सर्वांत आधी काढला, तर सीमेवर पोचेपर्यंत त्याची मुदत टळलेली असायची. म्हणून व्हिसा काढण्याचा क्रम प्रवासाच्या तारखा समोर ठेवून ठरवावा.

दुसरा कागद पीतज्वराच्या लशीचा. आमची वाट बहुतेक उंचावरची आहे आणि तिथे या तापाचे डास नसतात. परंतु कायदा उंची पाहत नाही, देश पाहतो. हे तिन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत, आणि तिथून परत येणाऱ्याजवळ लशीचा दाखला नसेल तर आपलेच सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकते. पंचेचाळीसातले सहा दिवस असे जायचे! केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांवरच ही लस मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. साठीच्या पुढच्या माणसाने मात्र ती घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सीमेवरची गोष्ट थोडक्यात सांगतो. एका देशातून बाहेर पडल्याची नोंद आणि दुसऱ्यात आल्याची नोंद, अशा दोन्ही नोंदी झाल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये. बस हॉर्न वाजवत असली तरी वाजवू द्यावा. बोलिव्हियाचे विय्यासोन आणि अर्जेंटिनाचे ला कियाका ही गावे एका पुलाने जोडलेली आहेत आणि माणसे तो पूल पायी ओलांडतात. घाईत खिडकी चुकली तर त्याचा भुर्दंड देशातून बाहेर पडताना बसतो. पैशाविषयी एवढेच की डॉलरच्या नोटा कोऱ्या, न फाटलेल्या घ्याव्यात आणि दोन ठिकाणी ठेवाव्यात.

सॅकच्या वजनाविषयी बोलताना मला आपले माथाडी आठवतात. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसांच्या मागणीतून आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने शिफारस केली होती की माणसाच्या पाठीवरचे ओझे पंचावन्न किलोंच्या वर नसावे. इंका वाटेवर प्रवाशांचे तंबू, भांडी, शिधा वाहणारे हमाल असतात; त्यांच्यासाठी पेरूने २००१ साली कायदा करून ओझ्याची मर्यादा वीस किलो ठरवली. या वाटेवर दिवसाला पाचशेच माणसे सोडतात आणि त्या पाचशेत हमालही मोजलेले असतात. जो प्रवासी पायी जाणार असेल त्याने आपल्या मंडळींना वजनकाटा कुठे आहे हे अवश्य विचारावे. आमच्या दोघांनी वेळेअभावी आगगाडी धरली आहे. त्यांच्या स्वतःच्या सॅकची मर्यादा मी दहा किलो ठेवली. थंडीचे कपडे एकावर एक घालता येतील असे, दोन जोड, एक चांगली पावसाळी, पायात आधी वापरून मऊ झालेले बूट, औषधे, कागद. दहा किलोंचे कारण निव्वळ आराम नव्हे. ते पुढे सांगतो आहे त्यात आहे.

या वाटेविषयी परदेशी प्रवाशांनी लिहिलेली माहिती पाहिली तर दरड, पूर, चोरी यांच्या रांगेत आणखी एक संकट सांगितलेले असते : संप आणि रास्ता रोको. स्पॅनिशमध्ये त्याला ब्लोकेओ म्हणतात. दगड, टायर, झाडांचे ओंडके रस्त्यावर टाकून तालुकेच्या तालुके वाहतूक थांबवतात. तो कधी एक दिवस चालतो, कधी तीन आठवडे. २०२४ च्या ऑक्टोबरात बोलिव्हियात कोचाबांबाच्या बाजूला सुरू झालेला ब्लोकेओ तीन आठवड्यांहून अधिक चालला. मला हे दरडीच्या रांगेत बसवणे पटत नाही. दरडीला कारण विचारता येत नाही, याला विचारता येते. आणि कारण ठाऊक असेल तर आखणीही चांगली होते.

बोलिव्हिया हा खाणकामगारांचा देश. तिथल्या खाणकामगारांचा महासंघ १९४४ साली स्थापन झाला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९४६ मध्ये, पुलाकायो या खाणीच्या गावी त्यांनी एक ठराव केला. त्यात चाळीस तासांचा आठवडा आणि किमतींबरोबर वाढणारे वेतन, म्हणजे आपण ज्याला महागाई भत्ता म्हणतो ते, मागितले होते. १९५२ च्या एप्रिलमध्ये तिथे क्रांती झाली, मोठ्या खाणी सरकारच्या ताब्यात आल्या आणि सर्व कामगारांची मध्यवर्ती संघटना उभी राहिली. त्या काळात खाण बंद केली की सरकार हादरत असे. मग १९८५ साली कथिलाचा जागतिक भाव कोसळला, आणि त्याच वर्षीच्या २१०६० क्रमांकाच्या हुकुमानंतर वीस हजारांहून जास्त खाणकामगार घरी बसले. पुढल्या वर्षी ते ओरुरोहून ला पाझकडे पायी निघाले. सैन्याने त्यांना वाटेत अडवले. १९८२ च्या संपानंतरचे आपले गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. काम गेलेल्यांपैकी पुष्कळजण ला पाझच्या माथ्यावर एल आल्तोला येऊन राहिले. बंद करायला आता खाण उरली नव्हती; परंतु ला पाझ हे शहर खोलगट वाडग्यात वसलेले आहे आणि तिकडे जाणारे मोठे रस्ते एल आल्तोतून उतरतात. १७८१ मध्ये तुपाक कातारीने याच माथ्यावरून शहराला वेढा घातला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये एल आल्तोच्या लोकांनी देशाचा नैसर्गिक वायू बाहेर विकण्याच्या धोरणाविरुद्ध तेच रस्ते अडवले. गोळीबारात अनेक माणसे मेली, आणि त्या महिन्याच्या १७ तारखेला राष्ट्राध्यक्ष राजीनामा देऊन देश सोडून गेले. संपाचे हत्यार ज्याच्या हातून काढून घेतले, त्याने रस्ता हातात घेतला, असा हा हिशेब आहे.

पेरूच्या दक्षिण भागातही हेच. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढल्यावर कुस्को, पुनो या प्रांतांत रस्ते बंद झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये माचू पिच्चू सुमारे तीन आठवडे बंद राहिले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी अडकलेल्या प्रवाशांची छायाचित्रे छापली. त्या आंदोलनात चाळीसहून अधिक नागरिक मारले गेले; हुलियाका शहरात ९ जानेवारीच्या एका दिवसात पंधराहून अधिक. कुस्कोहून टिटिकाकाकडे जाणारी आपली बस याच हुलियाकातून जाते. खिडकीतून बाहेर बघताना एवढे ठाऊक असलेले बरे.

तर अशा वेळी करायचे काय? पहिले म्हणजे, सकाळी बसस्थानकावर तिकीट काढण्याआधी 'आय ब्लोकेओ?' म्हणजे रास्ता रोको आहे काय, एवढे दोन शब्द विचारावेत. गाडी अडलीच तर अडवणाऱ्यांशी हुज्जत घालू नये आणि त्यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. पुष्कळदा पायी माणसाला जाऊ देतात. उतारू आपले सामान उचलून दोन-चार किलोमीटर चालत पलीकडे जातात आणि तिकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसतात. याला ट्रान्सबोर्दो असे नावच आहे. चार हजार मीटर उंचीवर चार किलोमीटर चालायचे तर पाठीवर दहा किलोच असावेत. सहानुभूती कितीही असली तरी परदेशी माणसाने त्यांच्या मोर्च्यात शिरू नये. आपला व्हिसा जाईल आणि 'बाहेरच्यांची फूस आहे' असे म्हणायला त्यांच्या विरोधकांना निमित्त मिळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्त्यात कोरे दिवस ठेवावेत.

तो तक्ता असा. जाण्यायेण्यात दोन-दोन मिळून चार दिवस, कारण आपल्याकडून तिकडे एका विमानाने पोचता येत नाही. लिमा दोन. आरेकिपापर्यंतची वाट आणि मुक्काम पाच. उरुबांबाचे खोरे, माचू पिच्चू आणि कुस्को मिळून सात. पुनो आणि टिटिकाका तीन. ला पाझ पाच. पोतोसी, पुलाकायो आणि उयुनी सहा. विय्यासोनची सीमा ओलांडून साल्तापर्यंत चार. साल्ता ते ब्यूनस आयर्स हा सुमारे दीड हजार किलोमीटरांचा बसप्रवास आणि तिथला मुक्काम मिळून तीन. एकूण एकोणचाळीस. उरले सहा, ते कोरे.

या कोऱ्या दिवसांवरून आमच्यात वाद झाला. तरुणांना ते वाया गेल्यासारखे वाटत होते. त्यात धबधबा बसवावा, जंगल बसवावे, असे त्यांचे म्हणणे. मी एकच अट घातली. ला पाझ सोडेपर्यंत त्यातल्या एकाही दिवसाला हात लावायचा नाही. पुढे अर्जेंटिनात उतरल्यावर जे उरतील ते तुमचे.

पोतोसीविषयी एक शब्द. तिथल्या चांदीच्या डोंगरात आजही सहकारी मंडळ्यांचे कामगार खणतात आणि प्रवाशांना पैसे घेऊन आत नेऊन दाखवतात. जावे की न जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला विचाराल तर घुसमटलेल्या बोगद्यात राबणारा माणूस ही पाहण्याची वस्तू नव्हे; मी तो वेळ पुलाकायोला देईन. उयुनीच्या मिठाच्या मैदानाकडे जाणारे हजारो लोक त्या फाट्यावरून न थांबता जातात. उयुनी तिथून वीसेक किलोमीटरच आहे.

परतीच्या विमानाचा वार मात्र मी ठरवून दिला आहे. ब्यूनस आयर्सच्या प्लासा दे मायो या चौकात एप्रिल १९७७ मध्ये काही आया जमल्या. लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या आपल्या मुलांचा पत्ता त्या विचारत होत्या. उभे राहायला बंदी होती, म्हणून त्या चालू लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल बांधून दर गुरुवारी दुपारी साडेतीनला चौकातल्या स्तंभाभोवती फेरी घालण्याचा तो परिपाठ अजून चालू आहे. तेव्हा बुधवारी रात्रीपर्यंत शहरात पोचावे, आणि विमान शुक्रवारचे घ्यावे.